तेचिमानच्या लॉजमधला रमजान

आमचे गाव खाडीकाठचे. मस्जिदही खाडीच्या तोंडाशी. किब्ला म्हणजे समुद्राची बाजू, म्हणजेच पश्चिम, हे लहानपणापासून अंगात इतके मुरलेले की मुंबईला, पुण्याला गेलो तरी मावळतीकडे पाहिले की दिशा सापडते. त्यामुळे घाना देशातल्या तेचिमान या गावी एका साध्या लॉजच्या खोलीत मी पहिली नमाज पढायला उभा राहिलो, तेव्हा खिडकीतून ऊन कुठून येते ते पाहिले आणि सवयीने मावळतीकडे मुसल्ला अंथरला. असरची वेळ होती. दार उघडेच होते. बाहेर लॉजचा म्हातारा चौकीदार बादली घेऊन चालला होता. तो थांबला, आत आला, काही न बोलता मुसल्ल्याचे टोक धरले आणि तो जवळजवळ पुरता उलटा फिरवून ठेवला. मग हसून म्हणाला, "मक्का त्या बाजूला, अल्हाजी. तुम्ही आता तिच्या पलीकडे आला आहात."

खरेच होते. मक्का आता माझ्या पूर्वेला, थोडीशी उत्तरेकडे कललेली. भूगोलात शिकलेली गोष्ट, पण ती पायाखाली आल्यावर कळली.

हे २०२४ साल. आमचा काजू फोडण्याचा छोटा कारखाना आहे. मी आणि माझे मोठे भाऊ, ज्यांना आम्ही सगळे भाई म्हणतो, मिळून चालवतो. बी भाजणे, फोडणे, साल काढणे, प्रतवारी करणे ही कामे करायला गावातल्या चौदा बाया येतात. कोकणातली काजू बी आम्हाला वर्षभर पुरत नाही. आमच्याच काय, साऱ्या देशातल्या कारखान्यांना पुरत नाही, म्हणून पश्चिम आफ्रिकेतून कच्ची बी जहाजाने येते: आयव्हरी कोस्ट, घाना, गिनी-बिसाऊ इथून. काजूचे झाड मूळचे ब्राझीलचे. पोर्तुगीजांनी ते गोव्यात आणले आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरही नेले. आज आफ्रिकेची बी आमच्या कढईत येते ती त्याच एका झाडाच्या दोन घरांची देवाणघेवाण म्हणायची.

आजवर आम्ही मंगळूरच्या व्यापाऱ्यांकडून ही बी घेत होतो. मधल्या हातांचे पैसे वाचवावेत म्हणून त्या वर्षी ठरवले की स्वतः जायचे, एक कंटेनर भरेल इतका माल, म्हणजे सुमारे दोनशे पोती, नजरेसमोर घ्यायचा. हंगाम तिथे फेब्रुवारीपासून सुरू होतो, आणि रमजान मार्चमध्ये आला होता. पहिला आठवडा घरी काढून मी निघालो. मुंबई, अदिस अबाबा, अक्रा. तिथून बसने कुमासी आणि पुढे उत्तरेला तेचिमान.

तेचिमान हे बाजाराचे गाव आहे. २०१९ साली बोनो ईस्ट नावाचा नवा प्रांत झाला आणि हे त्याचे मुख्य ठिकाण ठरले. पण गावाची ओळख बाजारामुळे. पश्चिम आफ्रिकेतल्या मोठ्या बाजारांत त्याची गणती होते. दक्षिणेचे जंगल आणि उत्तरेचे माळरान यांच्या सीमेवर हे गाव असल्याने दोन्हीकडचा माल इथे उतरतो. मका, टोमॅटो, कांदे, मिरच्या, शेंगदाणे आणि सर्वांत जास्त याम. आपल्याकडच्या कोनफळाच्या जातीचा हा कंद, पण पोटरीएवढा जाड आणि हातभर लांब. बुर्किना फासो, माली, नायजर इथले ट्रक रात्री येऊन उभे राहतात. ड्रायव्हर ट्रकखालीच चटई टाकून झोपतात.

बाजार बायकांच्या हातात आहे. प्रत्येक मालाची एक प्रमुख बाई असते, तिला 'ओहेम्मा' म्हणजे राणी म्हणतात. यामची वेगळी, टोमॅटोची वेगळी. भांडण झाले तर ती मिटवते, कोणी आजारी पडले तर वर्गणी काढते. घाऊक याम मोजताना शंभराला एकशेदहा मोजतात. आपल्याकडे आंब्याच्या शेकड्यावर वरताळा देत, तसेच हे. डोक्यावर भले मोठे घमेले घेऊन ओझी वाहणाऱ्या मुली उत्तरेकडून पोटासाठी आलेल्या असतात. त्यांतल्या कित्येकींचा त्या उन्हात रोजा होता.

लॉज बाजाराच्या मागच्या रस्त्यावर होते. अकरा खोल्या, मध्ये अंगण, अंगणात आंब्याचे झाड, आणि लोखंडी चौथऱ्यावर पाण्याची काळी टाकी. माझ्या खोलीत लोखंडी खाट, फोमची गादी, गाठ मारून लटकवलेली मच्छरदाणी, काचेच्या पट्ट्यांची खिडकी आणि वीज असेल तेव्हा फिरणारा पंखा. नळाला पाणी सकाळी तासभर, बाकी बादली आणि मग. वीज कधी जाईल त्याचा नेम नाही. तिथल्या लोकांनी त्या प्रकाराला एक नावच दिले आहे, 'दुमसोर', म्हणजे विझव आणि पेटव. पिण्याचे पाणी अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक पिशव्यांत मिळते. कोपरा दातांनी फाडायचा आणि प्यायचे. अशा तीस पिशव्यांचा एक मोठा गठ्ठा येतो. हा गठ्ठा पुढे कामाला येणार आहे, म्हणून आताच सांगून ठेवतो.

पहिल्या रात्री मी घरी फोन करून बरीच तक्रार केली. डास, उकाडा, गादीचा वास. बायको म्हणाली, "तुम्ही माल घ्यायला गेला आहात की पाहुणचार घ्यायला?" तेव्हा मला इब्न बतूता आठवले. आपल्या किनाऱ्यावर, गोव्याला आणि होन्नावरला ते आले होते आणि होन्नावरचे लोक शाफई असल्याचे त्यांनी लिहून ठेवले. त्यानंतर दहाएक वर्षांनी, १३५२ साली, ते सहारा ओलांडून मालीच्या राज्यात गेले. सुलतानाने मेजवानीची भेट पाठवली असे ऐकून त्यांना वाटले की मानाची वस्त्रे आणि पैसे असतील. निघाल्या तीन भाकऱ्या, तळलेल्या मांसाचा तुकडा आणि भोपळ्याच्या भांड्यात आंबट दही. ते हसले आणि नाराज झाले. पण त्याच प्रवासवर्णनात, या देशात वाटसरूला चोराचे भय नाही आणि लोक नमाजेला फार जपतात, हेही त्यांनी प्रांजळपणे नोंदवले आहे. एवढ्या मोठ्या प्रवाशाचे असे, तर माझी काय कथा!

लॉजची मालकीण साठीच्या पुढची विधवा. तिला सगळे 'मामे' म्हणत. त्यांच्या भाषेत या शब्दाचा अर्थ आई. माझ्या कानाला तो आपल्या मामीसारखा लागे, म्हणून मलाही हाक मारायला सोपे गेले. ती ख्रिस्ती होती. भिंतीवर येशूचे चित्र, रविवारी पांढरे कपडे घालून चर्चला जाणे. चौकीदार मात्र उत्तरेकडचा मुसलमान. मी पहिल्याच संध्याकाळी सांगितले की माझे रोजे आहेत. तशी प्रवासात रोजा सोडण्याची सवलत आहे, पण आपल्या शाफई मसलकाप्रमाणे एका ठिकाणी चार दिवसांहून जास्त मुक्काम ठरवला की माणूस मुसाफिर राहत नाही. मला तर तीन आठवडे राहायचे होते. नमाज पुरी आणि रोजेही पुरे.

मामेने फक्त एवढेच विचारले, "पहाटे किती वाजता उठवू?"

दुसऱ्या दिवशी साडेचार वाजता दारावर टकटक झाली. वीज गेलेली. हातात कंदील घेऊन मामे उभी आणि ताटात भांडे झाकलेले. बाजरीच्या पिठाची पातळ, आले-लवंग-मिरी घातलेली आंबील. तिला 'हौसा कोको' म्हणतात. सोबत 'कोसे', म्हणजे चवळी वाटून केलेली भजी. पहिला घोट घेतला आणि आजीच्या हातची आंबील आठवली. मी म्हटले, "मामे, तुम्ही कशाला उठलात?" ती म्हणाली, "माझी बहीण झोंगोत दिली आहे. तिच्या घरी रमजानमध्ये मी हे शिकले. मला पहाटे झोप येत नाही, तेव्हा बसून राहण्यापेक्षा हे बरे."

झोंगो म्हणजे मुसलमानांची वस्ती. हौसा भाषेत काफिल्याच्या मुक्कामाला 'झांगो' म्हणतात, त्यावरून हा शब्द आला. कोला नावाचे फळ इथल्या जंगलात होते आणि उत्तरेत ते पानसुपारीसारखे मानाने दिले जाते. त्याच्या आणि सोन्याच्या व्यापारासाठी मुसलमान व्यापारी शतकानुशतके इथे येत राहिले. तेचिमानच्या वायव्येला बेघो नावाचे जुने बाजारगाव होते. पंधराव्या ते सतराव्या शतकात ते भरभराटीला होते आणि तिथून मालीतल्या जेनेपर्यंत व्यापार चाले. त्या गावात मुसलमान व्यापाऱ्यांचा मोहल्ला वेगळा होता, 'क्रामो' नावाचा. आजही इथल्या भाषेत मुसलमानाला क्रामो म्हणतात. म्हणजे या भागात इस्लाम तलवारीने नव्हे, तर तराजू हातात घेतलेल्या माणसांबरोबर आला. हे वाक्य मी डायरीत मोठ्या कौतुकाने लिहिले होते. पुढे ते मलाच टोचले.

झोंगोतल्या मस्जिदीत मी फजरला जाऊ लागलो. तिथले लोक मालिकी. काहीजण हात न बांधता, बाजूला सोडून उभे राहतात. पहिल्या दिवशी दुसऱ्या रकातीत इमाम रुकूत जाण्याआधी थांबले. मला वाटले, विसरले. मग रुकूहून उठल्यावर मी आपल्या पद्धतीने कुनूतसाठी हात उचलले, तर सगळी सफ सजद्यात गेली! नमाजेनंतर शेजारच्या वृद्धांनी समजावले की त्यांच्याकडेही फजरला कुनूत आहे, पण रुकूच्या आधी आणि मनातल्या मनात. आमच्याकडे रुकूनंतर आणि मोठ्याने. "दुआ तीच," ते म्हणाले, "फक्त तुम्ही ऐकवता, आम्ही ऐकवत नाही." आपल्याकडे अशा गोष्टीवरून मस्जिदी वेगळ्या होतात, हे त्यांना सांगायची मला लाज वाटली.

घानात मुसलमान साधारण पाचांत एक आहेत आणि ख्रिस्ती बहुसंख्य. पण एका घरात दोन्ही असणे नवलाचे नाही. देशाचे मुख्य इमाम शेख उस्मान नुहू शारुबुतू २०१९ साली शंभर वर्षांचे झाले, तेव्हा ते अक्रातल्या एका कॅथलिक चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी जाऊन बसले होते. त्याचे फोटो जगभर गेले. तेचिमानच्या लॉजमध्ये फोटो काढायला कोणी नव्हते, पण इफ्तारच्या वेळी मामे माझ्यासाठी लाल अंबाडीच्या बोंडांचे सरबत करी आणि मी दुआ पुरी करेपर्यंत स्वतःचे ताट पुढे ओढत नसे. तिथे जेवणारा माणूस समोरच्याला "तुम्हाला आमंत्रण आहे" असे म्हटल्याशिवाय घास घेत नाही. आपल्या "या जेवायला"सारखेच.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

मी स्वतः तिथला खरेदीदार नव्हतो. खेड्यांतून माल गोळा करायला एक स्थानिक दलाल धरला होता. हुशार, बोलका, वक्तशीर माणूस. तो शेतकऱ्यांकडे जाई, लटकत्या काट्यावर पोती तोली, पैसे देई आणि माल गोदामात आणी. गोदामात मोठ्या काट्यावर पुन्हा वजन होई आणि त्या वजनाप्रमाणे मी त्याला पैसे देत असे. माझे काम बी तपासण्याचे: किलोभर नमुना घ्यायचा, बी मोजायच्या, कापून पाहायच्या, किती गर भरतो, किती किडका, किती ओला. नऊ दिवसांत शेहेचाळीस पोती झाली. माल चांगला होता. मी खूश होतो. बाजारात सगळे मला 'अल्हाजी' म्हणत. तिथे मुसलमान व्यापाऱ्याला मानाने असेच हाक मारतात. मी दोन-तीनदा सांगितले की माझा हज झालेला नाही. ते हसत आणि पुन्हा अल्हाजीच म्हणत. पुढे मीही सांगायचे सोडून दिले.

नवव्या दिवशी इफ्तार झाली. मगरिब पढून आलो. मामे अंगणात बसली होती. तिने मला चहा दिला आणि विचारले, "अल्हाजी, तुमच्या माणसाचा काटा तुम्ही कधी तपासला आहे का?"

मला जरा राग आला. म्हटले, "का?"

तिची गावाबाहेर काजूची थोडी झाडे होती, भाचा ती पाहत असे. त्याने तीन पोती आमच्या दलालाला विकली. देण्याआधी सहज यामच्या वखारीतल्या काट्यावर तोलली होती, तर दोनशे एक्केचाळीस किलो भरली. दलालाच्या काट्यावर दोनशे पंचवीस. ही गोष्ट तिला दोन दिवसांपूर्वीच कळली होती.

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तेव्हा दुपार होती. उपाशी माणसाशी हिशेबाचं बोलू नये, असं माझी आई म्हणायची. काल बोलणार होते, तर तुम्ही इफ्तार करून लगेच मस्जिदीत गेलात."

दलालाचा काटा आणि रिकामी पोती लॉजच्याच कोठीत ठेवलेली असत. वीज गेली होती. चौकीदाराने टॉर्च धरला. आम्ही काटा आंब्याच्या फांदीला टांगला. पण तोलायचे काय? खात्रीचे वजन कुठून आणायचे? मामेने पाण्याच्या पिशव्यांच्या गठ्ठ्याकडे बोट दाखवले. तीस पिशव्या, प्रत्येकी अर्धा लिटर, म्हणजे पंधरा किलो. गठ्ठा आकड्याला लावला. काटा चौदावर थांबला.

मी म्हटले, पाणी कमी भरले असेल. सकाळी तोच गठ्ठा डोक्यावर घेऊन चौकीदार आणि मी यामच्या वखारीत गेलो. तिथल्या काट्यावर पंधरा किलो आणि वर प्लास्टिकचे थोडे. पंधरात एक किलो, म्हणजे ऐंशी किलोच्या पोत्यात पाच किलोंहून जास्त. शेहेचाळीस पोत्यांचे सव्वादोनशे किलोंच्या वर.

वाचकहो, इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे, नाहीतर हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. मला आश्चर्य वाटले नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी शेतकऱ्यांच्या चिठ्ठ्या दलालाच्या वहीतून खाली पडल्या होत्या. उचलून देताना त्यांवरचे आकडे आणि गोदामाचे आकडे जुळत नाहीत, हे माझ्या नजरेतून सुटले नव्हते. तेव्हा मी स्वतःशी म्हटले, पोत्याचे वजन धरले असेल, ओल धरली असेल. मला मिळणारा माल पुरा होता. माझ्या खिशाला तोटा नव्हता. ज्याला तोटा नाही तो कशाला काटा तपासेल? तिसाव्या पाऱ्यातली सूरह मुतफ्फिफीन मला लहानपणापासून पाठ आहे. माप मारणाऱ्यांवरची ती सूरह पढताना माझ्या डोळ्यांसमोर नेहमी दुसराच कोणीतरी दुकानदार यायचा.

दलालाला बोलावले. त्याने नाकारलेही नाही. म्हणाला, "सगळेच असं करतात. शेतकरी पोत्यात खडे घालतात, ओली बी घालतात, ते कोण भरून देणार? आणि अल्हाजी, भाव ठरला आहे, वजन तुम्ही गोदामात घेता. तुमचा तोटा कुठे आहे?" त्याचे एक म्हणणे खरे होते. खडे आणि ओली बी मी स्वतः पाहिली होती. पण त्यासाठी माल नाकारता येतो, भाव कमी सांगता येतो. काटा खोटा ठेवता येत नाही. मी म्हटले, आधीच्या शेतकऱ्यांचा फरक आपण देऊ, अर्धा तू, अर्धा मी. तो हसला आणि दुसऱ्या दिवसापासून आला नाही. जाताना शेतकऱ्यांची वही मात्र त्याने दिली. त्याचेही काही देणे लागत असेल, अशी मी समजूत करून घेतली.

त्या रात्री भाईंना फोन केला. तिथे त्या वेळी सहेरीची तयारी चालली होती. सगळे सांगितले. दलाल गेला म्हणजे दोनशे पोती होणार नाहीत. कंटेनर ठरलेला. घरी चौदा बायांचे काम यावर अवलंबून. भाई बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सीझन निघून जाईल, एवढंच मला दिसतंय." पुन्हा गप्प. मग म्हणाले, "अब्बांचा तराजू तुला आठवतो ना? मग मला कशाला विचारतोस?"

अब्बांचे किराणा दुकान होते. पितळी तराजू. तोलताना गिऱ्हाइकाच्या पारड्यात ते नेहमी शेवटी चिमूटभर जास्त टाकत. पारडे झुकते द्यावे ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे, एवढेच ते सांगत. दुकान फार चालले नाही, हेही खरे.

पुढचे चार दिवस मी आणि मामेचा भाचा खेडोपाडी फिरलो. आपल्याच देशात बनलेली तीनचाकी रिक्षा, तिला तिथे 'प्राग्या' म्हणतात. लाल मातीचा रस्ता, दोन्हीकडे काजूची झाडे आणि खाली बोंडूंचा खच. वास अगदी आमच्या वाडीचा. वहीत तेरा नावे होती. अकरा माणसे सापडली. फरकाचे पैसे हातात ठेवताना बहुतेकांचा विश्वास बसत नव्हता. एकाने नोटा परत परत मोजल्या. एका बाईने मला बसवून घेतले आणि पाणी पुढे केले. रोजा आहे म्हटल्यावर तिने चार अंडी बांधून दिली. पण एक माणूस आहे, तो माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. त्याने पैसे घेतले, मोजले, खिशात ठेवले आणि विचारले, "आणि गेल्या वर्षीचे?"

गेल्या वर्षी मी तिथे नव्हतो. पण मंगळूरच्या व्यापाऱ्याकडून घेतलेली बी अशाच कुठल्यातरी काट्यावरून आली असेल. स्वस्त पडली म्हणून आम्ही आनंदच मानला होता. मला उत्तर देता आले नाही. तोही उत्तराची वाट न पाहता आत गेला.

जी दोन माणसे सापडली नाहीत, त्यांचा पैसा झोंगोच्या इमामसाहेबांकडे ठेवला. ते म्हणाले, "आधी शोधू. सापडलेच नाहीत, तर त्यांच्या नावाने सदका करू." घाईने सदका करून मोकळे होण्याची वाट त्यांनी मला दाखवली नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

नवा काटा घेतला. मामेच्या ओळखीने एक नवा खरेदीदार मिळाला, मंद पण सरळ. रोज सकाळी निघण्याआधी चौकीदार पाण्याचा गठ्ठा काट्याला लावून पाही आणि पंधरा दिसले की मोठ्याने "बिस्मिल्लाह" म्हणे. शेवटी एकूण एकशेअठरा पोती झाली. कंटेनरची उरलेली जागा दुसऱ्या खरेदीदाराला दिली. आमचा कारखाना त्या वर्षी दिवाळीआधीच बंद पडला, कर्ज काढून बायांना थोडी उचल द्यावी लागली, आणि ते कर्ज अजून पुरते फिटलेले नाही. प्रामाणिकपणा केला आणि बरकत झाली, असे गोड करून सांगता आले असते. बरकत कुठे आणि केव्हा मिळते ते अल्लाहच जाणे. वहीत मात्र तोटाच आहे.

बाविसाव्या दिवशी निघालो. मामेने बिल लिहून दिले. खोलीचे दिवस बरोबर होते. चहा होता, धुण्याचे होते. सहेरीचा उल्लेख नव्हता. मी विचारले तर म्हणाली, "ते लॉजच्या वहीत नसतं." चौकीदाराने माझी पेटी उचलली. फाटकाजवळ थांबून त्याने मला पुन्हा एकदा दिशा सांगितली, "घरी गेलात की उलटं फिरायला विसरू नका." ईदच्या आदल्या दिवशी घरी पोहोचलो.

घरी पहिल्या नमाजेला मुसल्ला अंथरताना हात क्षणभर थांबला खरा. मग पश्चिमेला, समुद्राच्या बाजूला उभा राहिलो. मधल्या तीन आठवड्यांत मी त्याच काब्याला दुसऱ्या बाजूने पाहत होतो.

मामेचा भाचा अधूनमधून फोनवर निरोप पाठवतो. झाडांना मोहोर आला, पाऊस झाला, मामेचा गुडघा दुखतो. दोघांपैकी एक शेतकरी सापडला, त्याचे पैसे इमामसाहेबांनी पोहोचवले, हेही त्यानेच कळवले. प्रत्येक निरोपाची सुरुवात 'अल्हाजी' अशीच असते. माझा हज अजून झालेला नाही. ज्याच्यावर लोकांचे देणे आहे त्याने आधी ते फेडावे, असे आपले बुजुर्ग सांगत आले आहेत. ते फेडण्याची आणि मग ती हाक खरी करण्याची तौफिक अल्लाह देवो. आमीन.